उलट फोटो

ओगले सरांनी माझा फोटो काढला आणि खटका वाजतो न वाजतो तोच कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "आता माझा काढ," ते म्हणाले. "मी कसा उभा राहू ते सांग."

कला विद्यालयातला तो माझा पहिला दिवस होता. प्रवेशाच्या कागदांना फोटो लागतो म्हणून कारकुनानं मला त्यांच्या खोलीत पाठवलं होतं. साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या खेड्यातून निघून, मेहकर आणि खामगाव करत मी बी.ए. झालो होतो. आमच्या घरातच काय, आमच्या वस्तीतही तोवर कुणी झालं नव्हतं. पण कॅमेऱ्याला माझा हात कधी लागला नव्हता. मी म्हणालो, "राहा ना सर, असेच."

"असेच म्हणजे कसे? हुकूम कर, राजा. मघाशी मी तुला हनुवटी वर, खांदे सैल म्हटलं, तू ऐकलंस. आता माझी पाळी."

समोर एक उंच, गोरे, चष्म्याचे मास्तर माझ्या हुकमाची वाट पाहत उभे. असा प्रसंग माझ्यावर जन्मात आला नव्हता. घाबरून तोंडाला आलं ते बोललो, "हात वर करा." सरांनी लगेच दोन्ही हात वर केले. तेवढ्यात चपराशी चहा घेऊन आत आला आणि कपबशी सावरत म्हणाला, "काय सर, पहिल्याच दिवशी लुटून राह्यलं का पोट्टं?"

तो फोटो धुऊन आला तेव्हा त्यात सरांचे हात कोपरापर्यंत होते आणि डोकं कपाळाशी कापलेलं. सरांनी तो मोठ्या प्रेमानं भिंतीवर लावला. ती सगळी भिंतच तसल्या फोटोंनी भरलेली होती. सर तिरपे, सर धूसर, सर बिनडोक्याचे, सर काखेत कोंबडी धरून, सर सायकलच्या हँडलवर बसलेले. ते ज्याचा फोटो काढत, त्याच्याच हातात कॅमेरा देत आणि तो म्हणेल तसे त्याच्यासमोर उभे राहत. याला ते 'उलट फोटो' म्हणत. "बघितलंस ना त्याला? मग त्यालाही बघू दे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुलट आणि उलट अशी जोडी लागली तरच फोटो पुरा, नाहीतर ती चोरी, असं त्यांचं मत होतं.

महाराष्ट्र होऊन दहाएक वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं विद्यालय अकोल्याला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या इमारतीत भरायचं. तुळयांना अजून कापूस चिकटलेला असे. पंखा सुरू केला की तो चित्रांवर पडायचा आणि ओल्या रंगात बसायचा. बाकीचे मास्तर आम्हाला कुंभ, सुरई आणि घडीचं कापड काढायला लावत. सर पुण्याहून आले होते. छायाचित्रणाचा तास त्यांच्याकडे होता, पण त्या तासाला ते काय करतील याचा नेम नसे. विद्यार्थी त्याला 'प्रयोगाचा वर्ग' म्हणत आणि मुख्याध्यापक 'ओगल्यांचा धिंगाणा'.

एकदा त्यांनी आम्हाला भर बाजारात नेलं, प्रत्येकाला एकेक जागा नेमून दिली आणि म्हणाले, "इथं तासभर उभं राहायचं. काही विकायचं नाही, काही विकत घ्यायचं नाही, कुणाची वाट बघायची नाही. नुसतं असायचं. लोक काय करतात ते लक्षात ठेवा." मी एका भाजीवालीच्या समोर उभा होतो. थोडा वेळ तिनं पाहिलं, मग म्हणाली, "काय रे बाबू, हरवला का?" मी मान हलवली. "मंग रडू नको, पण जरा बाजूले सरक. गिऱ्हाईक तुलेच कांदे मागून राह्यलं." शेवटी तिनं आपलं लेकरू माझ्या कडेवर दिलं आणि ती पाणी प्यायला गेली. वर्गात परत आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "बघा! नुसता उभा राहिला तर माणसाला लोक काहीतरी करून टाकतात. याला दाई केलं."

आवाज भरून घ्यायचं चाकाचं यंत्र त्यांनी कुठून तरी मागून आणलं होतं. त्यात आम्ही एकेक जण पाच मिनिटं बोललो. माझा आवाज लागला, "मले शायेत जायाले नदी उतरून जा लागे," आणि वर्ग खो खो हसला. मला तर तो आवाज ऐकून जमिनीत जावंसं वाटलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला, डोळे मिटून ऐकला आणि विचारलं, "नदीला पाणी असलं तर?" मी म्हणालो, "तर शाळा नाही." "हेही भर त्यात," ते म्हणाले. एवढंच.

लोणारच्या सहलीत मी त्यांना सर्वांत खुशीत पाहिलं. आम्ही सरोवराच्या काठावरून खाली उतरत होतो. खालून एक म्हातारी गवताचा भारा डोक्यावर घेऊन चढत होती. सरांनी थांबून परवानगी मागितली. ती म्हणाली, "काढा ना, फुकट अशीन तं." फोटो झाल्यावर सरांनी तिच्यापुढे कॅमेरा धरला आणि नियम सांगितला. तिनं आमच्याकडे पाहिलं, मग सरांकडे. "मी म्हणीन तसं करसान?"

"करीन."

"मंग घ्या हा भारा डोक्यावर."

सरांनी घेतला. भारा एका अंगाला कलला, चष्मा नाकावरून घसरला. म्हातारी कॅमेऱ्यात बघायचं सोडून ओरडायला लागली, "अहो मास्तर, मान सरळ! मान मोडन ना! कंबर कायले हालवता? नवरीवानी काऊन चालून राह्यले?" आम्ही हसून हसून खडकावर बसलो. तिनं काढलेल्या फोटोत फक्त गवत आणि दोन पाय आले. ती जोडी सरांनी पुढे प्रत्येक नव्या वर्गाला दाखवली. "हा माझा सगळ्यात चांगला फोटो," ते म्हणत, "आणि तो मी काढलेला नाही."

सरांच्या घरी आम्ही जात असू. काकू सगळ्यांना एका ओळीत पाटावर बसवून वाढत. कोण कुठला, कुणाचं आडनाव काय, हे त्या घरात कुणी विचारत नसे. वर्गात एकदा कुणीतरी कुणाला त्याच्या जातीवरून काही बोललं, तेव्हा सर अंधारखोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, "इथं दोनच जाती. उजेड आणि अंधार." ते वाक्य मला फार आवडलं. मी ते माझ्या खोलीच्या भिंतीवर रंगानं लिहून ठेवलं. आम्ही बौद्ध. त्या दोन वर्षांत अकोल्यात मला हे कुणाला सांगावं लागलं नाही आणि कुणापासून लपवावंही लागलं नाही. याचं श्रेय मी सरांना देत होतो आणि आजही देतो. त्यांचं ते वाक्य अर्धंच होतं, हे तेव्हा त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं.

शेवटच्या वर्षाला आपल्या गावातल्या पाच माणसांच्या जोड्या करून द्यायच्या होत्या. त्यावर बाहेरचे परीक्षक गुण देणार आणि त्या गुणांवर आमचा डिप्लोमा ठरणार. डिप्लोमा मिळाला तर शाळेत ड्रॉइंग मास्तरची नोकरी, आणि नोकरी मिळाली तर माझ्या बाची पोती उचलण्यातून सुटका. मी बाचा मुलगा म्हणून त्या पाच जोड्यांकडे एवढ्याच नजरेनं बघत होतो.

चार माणसं मी सहज निवडली. माझी माय, शाळेचे गुरुजी, पिठाच्या गिरणीवाला आणि आमचा पोस्टमन. पाचवं सुचेना. सर म्हणाले, "गावात असा कोण आहे, ज्याच्यासमोर तुझी मान वर होत नाही?"

मी म्हणालो, "बापूसाहेब."

"मग त्यांचाच काढ. कॅमेरा हातात आला की मान आपोआप वर होते. जाऊन ये, राजा. बदलून येशील."

सर हे मनापासून म्हणाले. पण विद्यालयाचा कॅमेरा होता दोन भिंगांचा, डब्ब्यासारखा. तो पोटाशी धरून वरच्या काचेत बघावं लागे. त्यात बघायचं तर मान खालीच घालावी लागे. हे मला सरांसमोर त्या वेळी सुचलं नाही.

बापूसाहेब म्हणजे आमच्या गावचे मोठे जमीनदार. माझा बा, श्रीपत, त्यांच्याकडे सालदार होता. वर्षाच्या बोलीनं राबायचं, आणि मालकानं बोलावलं की ओसरीच्या खालच्या पायरीशी, जिथं वरची माणसं जोडे काढतात तिथं, बसायचं. आजाही तिथंच बसत असे. धम्म घेतल्यानंतरच्या साली बा एका सकाळी बोलावणं आलं म्हणून गेला. बापूसाहेब म्हणाले, "बस रे शिरपत." बा म्हणाला, "उभाच बरा हाय, मालक." तीनदा म्हणाले, तीनदा बानं तेच सांगितलं. त्या सालानंतर गावात कुणी त्याला कामावर ठेवलं नाही. मग तो मेहकरच्या बाजारात हमालीला जायला लागला, आठवड्याला घरी यायचा. आमच्या घरात ही गोष्ट पराक्रमासारखी कधी सांगितली गेली नाही. माय तेवढी कधी चुलीपुढे म्हणायची, "तुह्या बापाचे गुडघे सरळ राह्यले, पाठ मोडली."

मी बापूसाहेबांकडे सकाळी गेलो. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते. दोनतीन माणसं शेजारी होती.

"कोन रे? शिरपत्याचा का?"

"हो."

"बी.ए. झाला म्हणे. अन् आता फोटूवाला होऊन राह्यला? काढ मंग. का फेटा बांधून येऊ?"

फेटा बांधून आले. काठी घेऊन, मिशी सारखी करून बसले. मी अंगणात उभा राहून, मान खाली घालून, काचेत ते उलटसुलट हलणारं चित्र पाहिलं आणि खटका दाबला. तिथूनच परत फिरलो असतो तर बरं झालं असतं. पण जोडी पुरी व्हायला हवी होती. मी नियम सांगितला. मनात होतं की ते नाही म्हणतील, आणि मग सरांना सांगता येईल की बापूसाहेब नाही म्हणाले.

बापूसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे मी म्हणीन तसा बसशीन?"

"हो. तसा नियम आहे."

"कोनाचा?"

"आमच्या सरांचा."

"बामण हायेत का?" शेजारच्या माणसानं विचारलं. मी हो म्हणालो. ते सगळे हसले. बापूसाहेब हसले नाहीत. त्यांनी काठीनं खालची पायरी दाखवली. "तिथं बस. तुह्या बापाची जागा हाय ते. अन् ते जोडे घे हातात. पुसून राह्यला असा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. सरांचा आवाज माझ्या कानात होता, हुकूम पाळायचा, आपल्याला पटेल तेवढाच पाळला तर तो उलट फोटो नव्हे. मी बसलो. जोडे घेतले. बापूसाहेबांना कॅमेरा कसा धरायचा ते मीच खालून सांगितलं. ते म्हणाले, "वर नको पाहू बे. जोड्याइकडं पाह्य." आणि खटका वाजला.

अकोल्याला आलो तेव्हा सर अंधारखोलीतच होते. लाल दिव्याखाली आम्ही दोघांनी कागद ट्रेमध्ये सोडला. चित्र हळूहळू वर येऊ लागलं. आधी पायरीची कड, मग जोडे, मग माझे हात, मग माझी टाळू. सर म्हणाले, "अरे वा! काय चौकट धरली आहे! हा माणूस तयारीचा आहे." बापूसाहेबांचा हात स्थिर होता. गावात काढलेल्या पाच उलट फोटोंत तो एकच नीट आला होता.

मग सर थांबले. "हे तू सुचवलंस त्यांना?"

"नाही सर. तेच म्हणाले, बस."

"पण जोडे?"

"तिथं माझे बा बसत. आधी."

"आधी म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. सालदारी, ती सकाळ, तीनदा 'बस' आणि तीनदा 'उभाच बरा'. सांगत असताना कागद ट्रेमध्येच होता. सरांच्या हातात चिमटा होता, पण कागद उचलायचं त्यांना सुचलं नाही. चित्र काळं पडत गेलं आणि पुरतं काळं झालं. अंधारखोलीत त्यांच्या हातून असं कधी झालेलं मी पाहिलं नव्हतं.

"तू 'नाही' का म्हणाला नाहीस?" ते म्हणाले, आणि माझं उत्तर यायच्या आत स्वतःच म्हणाले, "नाही. कसा म्हणशील. मीच तुला 'नाही' शिकवलं नाही." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मी भारा डोक्यावर घेतो तेव्हा लोक हसतात, वानखडे. मला वाटायचं मी खाली उतरतो. मला उतरायला जागा होती म्हणून उतरत होतो. हे मला कळायला हवं होतं."

त्यांनी मला वानखडे म्हटलं. एरवी ते सगळ्यांना राजा म्हणत.

ही जोडी लावायची नाही, असं त्यांनी सांगितलं. चार जोड्यांवर तुझं काम मी मान्य करतो, म्हणाले. पण मुख्याध्यापकांची सूचना स्पष्ट होती, पाच म्हणजे पाच. नवी जोडी करायला दिवस उरले नव्हते. मी रात्रंदिवस एकच हिशेब करत होतो, गुण गेले तर नोकरी गेली. परीक्षेच्या सकाळी मी स्वतः नवा कागद धुतला आणि बापूसाहेबांच्या फोटोशेजारी टाचला. सर फिरत फिरत आले. पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. "तुझी इच्छा?" म्हणाले. मी होकारार्थी मान हलवली. ते पुढे गेले.

परीक्षक मुंबईहून आले होते. ते पाचव्या जोडीपाशी थांबले ते हलेचनात. मागे पूर्ण वर्ग, मुख्याध्यापक, बाकीचे मास्तर. परीक्षक म्हणाले, "व्वा! काय भूमिका वठवली आहे! हा नुसता फोटो नाही, हा अभिनय आहे. मानेचा तो बाक बघा, हातांतली ती लाचारी बघा. कुणाची कल्पना?"

मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. अभिनय! किती चांगला शब्द होता. मी बसलो नव्हतो, मी भूमिका केली होती. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं.

"हा अभिनय नाही," सर मागून म्हणाले. "हा मुलगा खरंच तिथं बसला. त्याच्या वडिलांनी सोडलेल्या जागेवर. माझ्या एका नियमामुळे बसला. कल्पना माझी होती आणि ती वाईट होती. याचे गुण द्यायचे तर माझे कापून द्या."

परीक्षकांनी चष्मा पुसला आणि दुसऱ्या भिंतीकडे गेले. वर्गातली मुलं माझ्याकडे बघत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना कळलं होतं की मी कोण, माझा बाप कुठं बसत होता आणि मी तिथं जाऊन पुन्हा बसलो होतो. दयेनं बघत होती. ती दया मला बापूसाहेबांच्या काठीपेक्षा जास्त लागली. सर खरं बोलले होते आणि ते बोलायला धैर्य लागलं होतं, हे मला कळत होतं. तरी त्या खऱ्याची किंमत मी मोजत उभा होतो. मी भिंतीवरून फोटो काढला नाही, सरांना नमस्कार केला नाही, तसाच बाहेर पडलो आणि संध्याकाळच्या गाडीनं गावी गेलो.

निकाल लागला. मला पहिला वर्ग मिळाला. त्यात त्या फोटोचे गुण किती, हे मी कुणाला कधी विचारलं नाही. मेहकरच्या शाळेत नोकरी लागली, बाची हमाली सुटली. आमच्या घरात जे आज आहे, त्याची सुरुवात त्या निकालानं झाली आणि त्याबद्दल मी ओगले सरांचा जन्मभर ऋणी आहे.

पुढे त्यांच्या हाताखाली शिकून आलेला एक तरुण आमच्या शाळेत लागला. त्याच्याकडून कळलं की सरांनी उलट फोटोचा नियम मोडला नाही, पण बदलला. पहिल्याच तासाला ते सांगायचे, "समोरचा सांगेल तसं उभं राहायचं. आणि 'नाही' म्हणता आलं पाहिजे. ज्याला 'नाही' म्हणता येणार नाही, त्याला या वर्गात मी कॅमेरा देणार नाही. आधी 'नाही' म्हणायला शिकवीन." आणि खरंच मुलांना ओळीनं उभं करून ते हुकूम सोडत आणि मुलांकडून 'नाही' म्हणवून घेत. त्या तरुणाला ते गमतीचं वाटायचं. सरांचं हे कशावरून आलं, हे त्याला माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही. सर वारल्याचंही मला त्याच्याचकडून कळलं, तेही बऱ्याच उशिरा.

मला सर आठवतात ते मात्र त्या उन्हाळ्यातले. निकालानंतर पंधरवड्यानं ते आमच्या गावी आले. साखरखेर्ड्याला एस.टी.तून उतरून, विचारत विचारत, उन्हात चालत आमच्या वस्तीत. बा घरीच होता. त्यानं बाज ओढली, वाकळ टाकली. माय लगबगीनं पाणी घेऊन आली. सर पाणी प्यायले. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो आणि सरांच्या तोंडाकडे बघत होतो, कारण बाला यातलं काही माहीत नव्हतं. फोटोचा पाचवा माणूस कोण होता, एवढंही मी त्याला सांगितलं नव्हतं. गावातल्या कुणाची ते त्याच्या तोंडावर काढायची अजून हिंमत झाली नव्हती. बापूसाहेबांना मला त्या पायरीवर बसलेला बघायचं होतं, ते त्यांनी बघितलं होतं. त्यांचं समाधान झालं होतं.

बा गुरांना पाणी पाजायला मागं गेला. सर उठून माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी तुझ्या वडिलांची माफी मागायला आलो आहे. गाडीत बसलो तेव्हा ठरवून आलो होतो, जाताच बोलायचं. पण त्या दिवशी परीक्षकांसमोर मी तुला न विचारता तुझ्याबद्दल बोललो. ती दुसरी चूक. म्हणून आता विचारतो. सांगू त्यांना?"

मागून बाचा आवाज येत होता, तो बैलाला रागावत होता, "थांब बे, पिऊ दे ना तिले."

मी म्हणालो, "नका सांगू."

सर माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं ते समजावतील, बोलल्यानं मन हलकं होतं वगैरे. त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना बोलायचं होतं, फार बोलायचं होतं, त्यासाठीच ते एवढ्या लांब आले होते. पण ते म्हणाले, "बरं." आणि परत जाऊन बाजेवर बसले.

बा आला. मायनं काळा चहा दिला. सर आणि बा कपाशीवर बोलले, मेहकरच्या बाजारावर बोलले, या साली पाऊस कसा होईल यावर बोलले. सरांनी बाला विचारलं, पोतं खांद्यावर घेताना वजन कुठं येतं. बानं उठून करून दाखवलं. सर मन लावून बघत होते, मध्येच चष्मा काढून पुसत होते. बा म्हणाला, "पोराले शिकवलं तुमी, लई उपकार झाले." सरांनी कप खाली ठेवला, तो कलंडला, माय म्हणाली, "राहू द्या, राहू द्या."

बा आणि मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. गाडी आली. सरांनी बाला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, वाकून, जरा जास्तच वेळ. बा गोंधळला, त्यानंही हात जोडले. गाडी धूळ उडवत गेली.

परत येताना बानं एकदा मागं वळून फाट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "भला माणूस हाय. पण काऊन आला होता रे तो?"

"असाच," मी म्हणालो.

"असाच इतक्या दूरून कोनी येत नाही," बा म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे पाहत रस्त्यात उभा राहिला.